नारायणरावांचा रविवारचा तास

सगळी गल्ली मला वायरमन समजते. वीज कंपनीत मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, खांबावर एकदाही चढलो नाही, हे देवासात कुणाला सांगून पटत नाही. त्यामुळे शेजारच्या नारायणराव शितोळ्यांचं वायफाय रुसलं की बोलावणं मलाच.

नारायणराव धारला मराठी शिकवायचे. पुढे शाळा हिंदी माध्यमाची झाली आणि उरलेली नोकरी त्यांनी नाक मुरडत हिंदी शिकवून काढली. माणूस तिरसट. लग्नाची मराठी पत्रिका आली की लाल पेनानं तपासून परत पाठवणार, वर लग्नाला जाऊन जेवणार! पण दुसऱ्यांच्या पत्रिका तपासताना स्वतःच्या घराकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. मुलगा अंशुल मराठी बोलतो कसंबसं, वाचत नाही. तो बंगळुरूला. त्याची मुलगी ईशानी, वय अकरा.

शितोळ्यांच्या घरी कुळाचाराची वही आहे. नवरात्रात माळ कशी, तळी कुणी उचलायची, कुठल्या दिवशी कुठला नैवेद्य, सगळं आधी वडिलांच्या अक्षरात, पुढे थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या. "आम्ही दोघं गेलो की ही वही रद्दीत," असं नारायणराव मला म्हणाले. ईशानीला वाचता आलं तरच ती वही वाचणार होती. म्हणून दर रविवारी अकरा वाजता व्हिडिओवर तास.

आणि दर रविवारी सातव्या-आठव्या मिनिटाला तास बंद. "आजोबा, आवाज कट रही है," पोरगी म्हणायची, चित्र थिजायचं, संपलं. नारायणराव फोन हातात धरून ओसरीवर, जिन्यात, न्हाणीच्या दारात फिरायचे. कंपनीला फोन केला की तिकडून एकच उपदेश, बंद करून चालू करा. ते त्यांनी इतक्यांदा केलं, की बटणावरची अक्षरं पुसली.

शेवटी मी विचारलं, "पण तो डबा आहे कुठे?"

अक्कांनी लोखंडी कपाट उघडलं. आत पणजोबांची तलवार, दोन ढाली, पितळी परातींची चळत, आणि त्यांच्या मागे हळदीकुंकू लावलेला राउटर, बिचारा डोळे मिचकावत होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कनेक्शन आलं. अक्कांनी तलवार, विळी, कात्री यांच्याबरोबर त्याचीही पूजा केली आणि त्याला आयुधांच्या कपाटातच कायमची जागा दिली. दाराच्या फटीतून वायर आत घेतलेली.

"अक्का, लोखंडातून सिग्नल बाहेर कसा येणार?"

"असं कसं भिया? पूजेला बसलेली वस्तू उघड्यावर टाकायची का?" अक्का मला माळव्यातल्या रीतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात.

तासभर हुज्जत घातली. मग राउटर मधल्या खोलीत उंच फळीवर आला, आजूबाजूला भांडं नाही, आरसा नाही. मोबाइलवर सगळ्या दांड्या भरल्या. ओसरीवर भरल्या, न्हाणीतसुद्धा भरल्या. नारायणरावांनी माझा हात दाबला. मला तर छाती फुगवून गल्लीभर फिरावंसं वाटलं.

त्या रविवारी त्यांनी मला मुद्दाम शेजारी बसवलं. ईशानी आली. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या दातांवरची तार दिसत होती. नारायणरावांनी वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "वाच बाळ. सावकाश."

"घ... टा... ला..." ती अडखळली. पुन्हा अडखळली. तिनं बाजूला कुठंतरी पाहिलं.

"आजोबा, आवाज कट रही है."

आणि ती थिजली. तोंड अर्धवट उघडं, डोळे एका जागी.

मी चटकन मोबाइलकडे पाहिलं. दांड्या पूर्ण होत्या. मग मला दिसलं, की तिच्या मागचा पडदा वाऱ्यावर हलतोय. छताचा पंखा फिरतोय. पोरगी श्वास रोखून बसली होती.

संताप आला मला. तोंड उघडणार तोच नारायणरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जन्मभर वर्गात मुलं पाहिलेला माणूस तो. त्यांना माझ्याआधी दिसलं होतं, आणि माझ्या मनात आलं, की कदाचित फार आधीपासून दिसत असावं.

"ईशू," ते त्या न हलणाऱ्या चेहऱ्याला म्हणाले, "इथलं नेट फार खराब आहे गं. तुझा काही दोष नाही. जा, खेळ."

ती तशीच राहिली. डोळे मात्र मिटले गेले, एकदाच. त्यांनी फोन बंद केला, वही मिटली.

स्वयंपाकघरातून अक्का हात पुसत आल्या. "परत तुटलं? भिया, काहीच का करता येत नाही?"

नारायणराव माझ्याकडे पाहत होते.

"नाही अक्का," मी म्हणालो. "लाइनच खराब आहे."