इंजिनाचा ठसका

जो दिसत नाही पण पान हलवतो, धरता येत नाही पण पाखराला धरून ठेवतो, त्या वायुरूप भगवंताला आधी लोटांगण! त्याच्या अंगणात रोज ये-जा करणारी एक लेक आहे. तिची ही गोष्ट.

हुद्द्याने ती सहवैमानिक. विमानात उजव्या खुर्चीवर बसणारी. घरात मात्र तिचे नाव ‘झटपट’. चहा वाफाळता असतानाच घशाखाली, एक हात बाहीत आणि दुसरा दाराच्या कडीवर! सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना सकाळी खुर्चीतून उठवायचे काम तिचे. माया अपार, पण धीर नाही.

“अगं, उठवतेस की उपटतेस?” सासूबाई ओरडत. “आधी पाय टेकू दे, तोल येऊ दे, मग लाव काय तो जोर!”

“आई, मला उशीर होतोय!”

“तुझी विमानं तरी कशी उडतात गं?”

हा बाण वर्मी लागला, कारण डाव्या खुर्चीची, कप्तानपदाची, परीक्षा ती नुकतीच नापास झाली होती.

परीक्षा असते हलत्या खोक्यात. आत हुबेहूब विमान, बाहेर काचेवर खोटी धावपट्टी, आणि मागे बसलेले परीक्षक बटण दाबून हवे ते वारे सोडतात. त्यांनी आडवा वारा सोडला. झटपटने ब्रेक दाबून ठेवले आणि इंजिनांचा जोर वाढवणारे दोन्ही दांडे एका दमात पुढे लोटले. धडाम्! वारा आडवा असला की इंजिनाच्या तोंडाशी हवा घुसळते. उभ्या विमानाने तेव्हाच सगळा जोर मागितला, तर हवा सरळ आत शिरत नाही आणि इंजिनाला ठसका लागतो.

“बाई,” परीक्षक म्हणाले, “घास तरी गिळू द्या त्याला! आता एकच संधी उरली, हं.”

ती संधी आज होती. तीच खुर्ची, तोच वारा, या खेपेस डावीकडून. ती धावपट्टीवर उभी राहते न राहते, तोच परीक्षकांनी नियंत्रण कक्षाचा आवाज काढला, “लगेच उडा! मागे विमान उतरतंय!”

हात शिवशिवले. सज्जनहो, जन्माची सवय ती! दांड्यांवर तळवा टेकला. आणि कानात सासूबाई ओरडल्या.

“लगेच जमणार नाही,” ती म्हणाली. “मागच्याला वरच एक फेरी मारू द्या.”

परीक्षक घसा खाकरून म्हणाले, “बरं. आता निघा.”

तिने दांडे थोडेच सरकवले. दोन्ही इंजिनांचे काटे एका पातळीवर येईपर्यंत थांबली. ब्रेक सोडले. चाके हलली, विमान धावू लागले, समोरून हवा इंजिनात सरळ शिरू लागली, तसतसा तिने जोर वाढवला. बेताबेताने, पूर्ण मापापर्यंत. हातातले सुकाणूचे चक्र वाऱ्याकडे कललेले, उजवा पाय नाक सरळ राखणारा. ना धडाम्, ना ठसका! खोटे विमान खऱ्या डौलाने झेपावले.

“उद्यापासून,” परीक्षक म्हणाले, “उजव्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी शोधावं लागणार.”

घरी येऊन ती सासूबाईंसमोर वाकली. हात पुढे केला आणि थांबली. पाय टेकले, तोल आला, मग अलगद आधार.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. “बरं नाही का गं तुला?”

“पास झाले, आई.”

“मग बघत काय उभी राहिलीस? फोन लाव सगळ्यांना! घाई कर!”

हे वायुदेवा, या लेकीच्या पंखाखाली सदैव राहा. तिची चाके सुखरूप टेकोत, सासूबाईंचे गुडघे दणकट होवोत, आणि त्या घरातला चहा, निदान एकदा तरी, निवांत प्यायला जावो.