पलीकडच्या काठावरचं पान

वडीगोद्रीच्या द्वारकाबाईंना देवाधर्माची आवड होती, आणि गुरुजींना प्रश्न विचारून भंडावून सोडायची त्याहून जास्त. म्हातारे गुरुजी मूळचे गेवराईकडचे. त्यांनी एकदा पृथ्वीवरच्या सात बेटांची कथा सांगितली: कुणाभोवती तुपाचा समुद्र, कुणाभोवती दह्याचा, कुणाभोवती दुधाचा. आपलं जंबुद्वीप मात्र खाऱ्या पाण्यात.

"म्हंजी चांगली चांगली बेटं दुसऱ्यालाच दिली की," बाई फणकारल्या.

त्यांचे यजमान रखमाजी १९८६ साली गेले. माणूस सज्जन, पण भारी हट्टी. मेहुण्याच्या, म्हणजे धर्मराजच्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहून गेला. तेवढ्यावरून गोदावरीपलीकडे, सासुरवाडीत, पाण्याचा घोटही घेणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आणि मरेपर्यंत पाळली. त्यांच्या माघारी बाईही पाळत राहिल्या. पूल ओलांडला की माहेर, पण गेल्या नाहीत. आम्हा शेजाऱ्यांना तर हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. दर पितृपक्षात मात्र गुरुजींना बोलावून नवऱ्याच्या नावानं साग्रसंगीत पान वाढायच्या.

१९९५ साली म्हातारे गुरुजी थकले, म्हणून अंबडचे तरुण गुरुजी आले. त्यांनी संकल्प सुरू केला: जंबुद्वीपे, भरतखंडे, गोदावर्याः उत्तरे तीरे...

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधीचे गुरुजी तर दक्षिणे म्हणायचे."

"आपण नदीच्या उत्तरेला आहोत, काकू. पूजा कुठं चाललीय ते संकल्पात सांगतात. ते दक्षिण काठचे, लहानपणी पाठ केलेलं तोंडात बसलं असेल."

बाईंचा चेहरा उतरला. "मंग इतकी वर्षं ह्यांचं पान पलीकडंच वाढलं? जिथं पाणी प्यायचं न्हाई म्हणले, तिथं?"

देवाला भाव कळतो, असं गुरुजींनी परोपरीनं समजावलं. बाईंना पटेना. माणूस दरसाल उपाशी परतला असेल, या विचारानं त्यांना रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेवराईची एसटी धरली आणि थेट माहेर गाठलं. दारात उभ्यानंच धर्मराजला सगळं सांगून विचारलं, "धर्मा, त्यांनी इकडचं खाल्लं असंल का रं?"

धर्मराज पाहतच राहिला. मग त्याचेही डोळे भरून आले.

"म्हंजी भावजी दरसाल माझ्या दारी जेवायला आल्ते, आन मला ठावंच न्हाई!" त्यानं बायकोला हाक मारली, "उषा, ताट कर. भावजी कवाच जेवले. अक्काच तेवढी उपाशी राह्यली."