एकच पुडी

बाळांनो, दर वेळी मी मसाल्याची एकच पुडी पाठवते अशी तुमची तक्रार असते, म्हणून हे लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांच्या दिवसांत परळला आमच्या दारावर एक मालवणी बाई यायची. गिरणीतली पाळी बंद पडून तिचा नवरा घरी बसला होता. तिने कुटलेल्या मसाल्यावर घर चालायचं. मदत म्हणून मी एकदम चार पुड्या मागितल्या. तिने एक दिली, बाकीच्या पाटीत परत ठेवल्या.

"बाई, दोन माणसांक चार कित्याक? वास उडतलो, मगे नाव माझा जातला. त्यापेक्षा शेजारणींक कालवण चाखूक देवा."

मी मजल्यावर घरोघरी वाट्या पाठवल्या. गणपतीपर्यंत सातही बिऱ्हाडं तिची गिऱ्हाइकं झाली.

आता तिची सून मसाला कुटते. मलाही एकच पुडी देते.