अक्कांचा डबा आणि माझे चार दिवस

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. जळगावला राहतो, सकाळी फिरायला जातो, रक्तदाबाची गोळी घेतो. बायको म्हणते, आता तरी सोडा तो विषय. नाही सुटत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांनी कधी माझी झोप उडवली नाही. ही केस लाडवांची होती. यात कोणाचंच नाव सांगणार नाही. सांगायचं ठरवलं तर पहिलं माझंच सांगावं लागेल.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मुद्देमालाचं रजिस्टर तपासत बसलो होतो. दोंडाईचाकडच्या एका खेड्यातले एक आबा आले. धोतर, टोपी, हातात मोबाईल.

"साहेब, मनी वहिनीले धरी ठेयेल शे."

"कोणी?"

"तठला पोलिसनी. इमान उतरं तठे."

पाणी दिलं, बसवलं, मग हळूहळू सगळं कळलं. त्यांची ही वहिनी म्हणजे गावाच्या अक्का. पंचावन्नच्या पुढे वय, नवरा नाही, एकुलती एक मुलगी. जावई आधी दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर वेल्डर होता, तिथून आखाती देशात गेला आणि बायकोलाही घेऊन गेला. मुलीचे दिवस भरत आले होते. तिकडे सासू नाही, नणंद नाही. म्हणून अक्का बाळंतपणाला निघाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. बॅगेत बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड, डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा आणि कापडाची एक पुरचुंडी. तिकडच्या विमानतळावर तपासणीत पुरचुंडी उघडली आणि अक्कांना बाजूला घेतलं. अमली पदार्थाचा गुन्हा लागला. दुभाष्याने जावयाला सांगितलं, हे अफूचं बी आहे.

अफू! हा एक शब्द कानावर पडला आणि माझ्यातला पोलीस खडबडून जागा झाला. आधीच्याच हंगामात आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला गांजाची शेती उपटली होती. वर्तमानपत्रात फोटो आला होता, माझाही. आता अफू. माझ्या डोक्यात लगेच साखळी तयार झाली: डोंगर, गाव, म्हातारी, विमान. स्वतःवर खूशही झालो, खोटं कशाला सांगू.

जावयाशी फोनवर बोललो. पोरगा रडकुंडीला आला होता. "साहेब, इथला वकील म्हणतो, गावच्या पोलिसांचं पत्र आलं तर त्या सुटतील. बाईवर गुन्हा नाही, ती अशा धंद्यातली नाही, एवढंच लिहून द्या. डॉक्टरांनी याच आठवड्यातली तारीख दिलीय."

मी काय म्हणालो? "चौकशी पूर्ण झाल्याशिवाय पत्र देता येत नाही." खाकी वर्दीतलं हे सगळ्यात सोपं वाक्य. बोलायला काही लागत नाही.

त्याच दुपारी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. "साहेब, नाव विचारू नका. त्या म्हातारीच्या घरी पाड्यावरची एक बाई कामाला आहे. लाडू तिनेच बांधले. माल तिच्याकडून आलाय. उचला तिला." फोन बंद. खबर पक्की वाटली, कारण मला जे ऐकायचं होतं तेच तो सांगत होता.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हा नियम मला पाठ होता. नव्या फौजदारांना मीच शिकवत होतो. तरी बोलावलं. चाळिशीची, काटक, पायात टायरच्या चपला. नवरा ऊसतोडीला गुजरातकडे गेलेला. अक्कांच्या शेतात आणि घरात ती कित्येक वर्षं राबत होती.

"अफू कुठून आणलीस?" मी टेबलावर हात आपटला.

"साहेब, अफू कशी दिखस ते बी माले म्हाईत नई."

"पुरचुंडी कोणी बांधली?"

"मी बांधी. अक्कानी सांगं, पोरगीसाठी बांध."

"म्हणजे कबूल करतेस?"

"काय कबूल करू, साहेब?"

तीन दिवस हेच चाललं. सकाळी पायी येई, संध्याकाळी पायी जाई. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. मी वाट्टेल ते बोललो. तुम्ही डोंगरातले लोक असेच, म्हणालो. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते, पण लिहितोच, लिहायलाच हवं. तिने उलट शब्द काढला नाही. उठताना मात्र अक्का कधी येतील हेच रोज विचारायची, "अक्का कव्हय येई?" मला तो बेरकेपणा वाटायचा. अरे मूर्खा, ती बाई काळजीने विचारत होती!

वरून अधीक्षक कार्यालयाचे फोन. "साखळी मिळाली का?" मी म्हणायचो, "मिळतेय साहेब, आज-उद्यात." गावात तर काय, लोकांनी अक्कांच्या ओट्यावर बसणं बंद केलं. ज्यांनी निघताना नारळ दिला, ओटी भरली, तेच आता म्हणू लागले, बघा हो, म्हातारी केवढी पोचलेली निघाली. आबांना चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "काय आबा, पुडी शे का एखादी?" आबा ठाण्यात येऊन हे सांगताना रडले. मी त्यांना बसा म्हणालो आणि फाईल बघत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. मुलगी दवाखान्यात होती, कळा सुरू झाल्या होत्या. ती सारखी आईला हाका मारत होती. "साहेब, पत्राचं काय झालं?" मी फोन ठेवला आणि सगळा राग त्या बाईवर काढला. ओरडलो. माझा आवाज ऐकून आमच्या महिला हवालदार आत आल्या. बाळंतपणाच्या रजेवरून त्या नुकत्याच परतल्या होत्या.

"साहेब, मी विचारू का दोन शब्द?" मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी खुर्ची बाईजवळ ओढली. "ताई, ते लाडू कसे केले गं? काय काय घातलं? मलाही करायचेत."

बाईचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. "बठ्ठं सांगस. डिंक तूपमा तळा. खारीक कुटी, खोबरं किसं, गोडंबी, बदाम, मेथी, गूळ. आन खसखस भाजीसन घाली."

"आणि पुरचुंडीत?"

"तीच खसखस ना. लाडूसमा घालीसन उरनी ती. अक्का म्हने, पोरगीले खीर करसू, कंबरले ताकद येस."

हवालदार बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज कापत होता. रागाने, हे मला नंतर कळलं. "साहेब, खसखस म्हणजेच अफूच्या बोंडातलं बी. माझ्या वेळी डॉक्टरांना विचारलं होतं, खसखस चालेल का, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं."

मी जबाबाचा कागद बाजूला सारला.

अमली पदार्थाचे इतके गुन्हे मी नोंदवले. आपल्या कायद्यात अफूच्या बोंडाच्या व्याख्येतून बी वगळलेलं आहे, हे मी परीक्षेला घोकलं होतं. पण ते बी म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या बरणीतली खसखस, हे त्या कलमाला कधी चिकटलंच नाही. दर रविवारी बायको काळ्या रश्शाच्या वाटणात घालते. मी ती बोटं चाटत खातो. आपल्याकडे वाण्याकडची वस्तू, तिकडे थेट तुरुंग. तीन दिवस मी त्या बाईला अफू विचारत होतो. खसखस विचारली असती तर पहिल्या मिनिटाला तिने दुकानाचा पत्ता दिला असता.

दोंडाईच्याच्या बाजारात एका मारवाडी शेठजींचं किराणा दुकान आहे. तासाभरात तिथे गेलो. त्यांनी डबाच पुढे ठेवला. "साहेब, अख्खा तालुका नेतो. दिवाळीला अनारशांना पुरत नाही. झालं काय?" त्यांचा जबाब घेतला, नमुना घेतला आणि ठाण्यात परत येऊन पत्र लिहायला बसलो.

अक्कांवर पूर्वी गुन्हा नाही, असं लिहायचं होतं, म्हणून पासपोर्ट पडताळणीचं रजिस्टर मागवलं. पासपोर्टसाठी पोलिसांची पडताळणी लागते, ती ठाण्यातूनच होते. पाच महिन्यांपूर्वीची अक्कांची नोंद सापडली. "वर्तणूक चांगली. कोणताही गुन्हा दाखल नाही." खाली सही. माझी.

जे पत्र तिकडचा वकील मागत होता, ते माझ्याच कपाटात, माझ्याच सहीने पडून होतं. आबा रडत आले त्या पहिल्या सकाळी मी उठून कपाट उघडलं असतं, तर पत्र त्याच दिवशी अधीक्षक कार्यालयातून वकिलातीकडे गेलं असतं. ते गेलं चौथ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत मुलगी बाळंत झाली होती. तिची आई तिथून तासाभराच्या अंतरावर कोठडीत होती.

आता त्या फोनवाल्याकडे वळलो. लाडू कोणी बांधले हे बाहेरच्या माणसाला कसं कळलं? बाईला विचारलं, या वेळी नीट, खुर्चीवर बसवून आणि तुम्ही म्हणून. ती म्हणाली, तिकिटासाठी अक्कांबरोबर तीही धुळ्याला एजंटकडे गेली होती. अक्कांनी तिथे विचारलं होतं, भाऊ, खाण्याचं नेलं तर चालेल ना? लाडू हिनं बांधेल शेतस, आमना घरनाच शेतस.

एजंटचं ऑफिस एसीचं, काचेचं टेबल, त्यावर छोटं विमान. मला बघून उभाच राहिला. मी फक्त म्हणालो, "त्या दिवशी फोन तूच केलास." दोन मिनिटं नाही-नाही, मग खाली बसला. नंबर त्याच्या मेहुण्याचा निघाला.

"साहेब, घाबरलो होतो. माझ्यावर येईल असं वाटलं."

"अक्कांनी विचारलं तेव्हा काय सांगितलंस?"

"घरचं खाणं आहे, बिनधास्त न्या."

टेबलाच्या काचेखाली एक छापील इंग्रजी कागद होता. त्या देशात काय नेऊ नये त्याची यादी. खसखस त्यात होती, वरून चौथी. अक्का याच काचेवर हात ठेवून विचारत होत्या.

"हे वाचून का नाही दाखवलंस?"

"साहेब, यादी दाखवली की लोक शंभर प्रश्न विचारतात. हे काढू का, ते ठेवू का. अर्धा दिवस जातो."

अर्धा दिवस! एका आईचं सगळं गेलं आणि याला अर्ध्या दिवसाची चिंता. माझा हात शिवशिवत होता. उचलला नाही, कारण चार दिवस चुकीच्या माणसावर आवाज चढवून मी तो हक्क घालवला होता. खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव पाठवला. पण विचारल्यावर खरं न सांगण्याला कलम नाही. मी पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली. ते ऑफिस आजही चालू आहे आणि एसी आता मोठा बसवलाय.

ती यादी मराठीत टाईप करून घेतली आणि ठाण्यात पडताळणीच्या टेबलामागे चिकटवली. पासपोर्टसाठी येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवायचा हुकूम काढला. माझी बदली झाली. पुढे एकदा त्या बाजूला गेलो तर भिंतीला नवा रंग होता, यादी नव्हती. विचारलं तर म्हणाले, साहेब, ते काय सरकारी परिपत्रक नव्हतं.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसाला त्याच्या शब्दात विचारावं, एवढंच. आपल्या शब्दात विचारलं की आपल्याला हवं तेच ऐकू येतं.

पत्र पोचल्यावर आठवड्याने अक्का सुटल्या. पण तोवर प्रकरण कोर्टात गेल्याने त्यांना देशात सोडलं नाही; पत्र पहिल्याच दिवशी आलं असतं तर लगेच मुलीकडे जाऊ दिलं असतं, असं वकील जावयाला म्हणाला. कोठडीतून विमानतळ, विमानतळावरून घरी. पुन्हा त्या देशात यायला बंदी. नात फोनवरच पाहिली.

परत आल्यावर त्यांचा जबाब घ्यायचा होता. या वेळी मी त्यांच्या घरी गेलो. पाड्यावरची बाई दारातच होती, ओसरी झाडत. मी तिला म्हणालो, "बाई, माझी चूक झाली." ती केरसुणी टेकवून म्हणाली, "माले सांगीसन काय, साहेब. अक्काले सांगा."

अक्का आत खाटेवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. जबाब लिहून झाला, त्यांनी अंगठा दिला. मग शाई पुसत, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, तुमनं पत्र पहिले दिवशी जातं, तं मी पोरगीजवळ पोहचती का?"

त्यांना माहीत नव्हतं की पत्र माझ्या कपाटात होतं. कोणालाच माहीत नव्हतं. प्रक्रियेला वेळ लागतो, असं म्हणालो असतो तर चाललं असतं. त्यांनी मानही डोलावली असती.

"हो अक्का," मी म्हणालो. "तुम्ही पोचला असता."

अक्कांनी अंगठा पदराला पुसला. दाराकडे बघून त्यांनी हाक दिली, "साहेबले चहा ठेव वं." तो चहा मी प्यायलो. कडू लागला, तरी अर्धा सोडायची माझी हिंमत झाली नाही.