विहीर कुठे खोदू नये

श्रमदानाला एकही माणूस आला नाही. विहिरीचा गोल चुन्याने जमिनीवर आखून मी सकाळपासून उंबराखाली बसलो होतो. कुदळी, टिकास, घमेली ब्लॉकच्या गाडीतून आणून ठेवली होती. वस्ती हाकेच्या अंतरावर. माणसं दिसत होती, चुलीचा धूर दिसत होता. पण इकडे कुणी फिरकायला तयार नव्हतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट, मारेगावकडच्या एका खेड्यातली. मी ब्लॉकमध्ये, म्हणजे विकास गटाच्या कचेरीत, ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियरच्या हाताखालचा, उन्हातला माणूस. ती वस्ती छप्पन सालानंतर दीक्षा घेतलेल्या लोकांची होती. धर्म बदलला तरी गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नव्हते. कुणीतरी दया करून घागरीत पाणी ओतेपर्यंत बाया ताटकळत उभ्या राहत. म्हणून ही विहीर मंजूर झाली. सिमेंट, दगड, मिस्त्री सरकारचा, खोदकाम लोकांचं. जागा वस्तीच्याच मालकीची, नाल्यापासून वर टेकाडापर्यंत गेलेली एक अरुंद पट्टी. तिच्यातला सखल भाग मी पसंत केला. उंबराचं झाड होतं, गवत उन्हाळ्यातही हिरवं होतं. पाणी वरच लागणार हे कुणीही सांगितलं असतं.

मीही दीक्षा घेतलेल्या घरातलाच, दारव्ह्याकडचा. आपल्यातला साहेब आला म्हणून वस्तीने पहिल्या दिवशी माझ्या गळ्यात हार घातला होता. आणि आता त्याच वस्तीला कुदळ उचलायचा कंटाळा आला होता, असं मला वाटलं.

डेप्युटी साहेबांना, म्हणजे माझ्या वरच्या इंजिनियरांना, कळवलं. ते म्हणाले, "लोकांना विहीर नको असेल तर आपण काय गळ्यात बांधायची? महिनाअखेर काम सुरू झालं नाही तर ती मी वणीकडच्या गावाला देऊन टाकतो. तिकडचे लोक रोज येऊन बसतात."

मी तडक नामदेवच्या दारात गेलो. वस्तीच्या वतीने बोलणारा माणूस तो.

"काहून येत नाही कोणी?"

"लग्न हाय जी भाचीचं."

"सगळ्यांच्याच भाचीचं?"

मी संतापलो होतो. विहीर जाईल, परत वीस वर्षं मिळणार नाही, बायकांना जन्मभर दुसऱ्याच्या ओंजळीवर जगायला लावाल, असं वाट्टेल ते बोललो. उत्तर दिलं ते नामदेवच्या आईने, पुंजाबाईने. ओसरीत तूर निवडत बसली होती.

"बाबू, तिथी ढोरं हायेत."

"माय, चूप राह्य," नामदेव म्हणाला.

"कायले चूप राहू? यायले सांगतलं नाही तर हे पोट्टे खोदतीन अन् मरतीन."

मग तिने सगळं सांगितलं. नाल्याकाठची ती जागा म्हणजे गावची ढोरफोडी. मेलेली जनावरं ओढून न्यायची, कातडं सोडवायचं, उरलेलं तिथेच टाकायचं. हे काम यांच्या वाट्याचं. एका वर्षी गावात ढोरांचा रोग आला. जनावर फुगायचं, नाकातून काळं रक्त यायचं, संध्याकाळपर्यंत आडवं व्हायचं. एवढी मेली की शेवटी खड्डे करून पुरली.

"याच्या बापानं कातडं सोडवलं. त्याच्या हातावर काळी पुळी आली. दुखे नाही, नुसती काळी. मंग ताप आला अन् गेला मानूस. त्याच्यासंग आनखी दोघं गेले."

दीक्षा घेतल्यावर वस्तीने ते काम सोडलं. सोडलं म्हणजे नावही काढायचं नाही असं ठरवलं. जागेवर गवत वाढलं, मुलं तिथे विटीदांडू खेळू लागली. मोठ्यांना मात्र ठाऊक होतं.

"मग मी चुना टाकत होतो तेव्हा का नाही सांगितलं?" मी नामदेवला विचारलं.

"आपल्यातला साहेब आला होता जी. तुमच्यापुढं त्या कामाचं नाव कसं काढाव? लाज वाटे."

माझा राग तिथेच उतरला. माझ्या आजोबांनीही तेच काम केलं होतं. आमच्याही घरात ते नाव कुणी काढत नसे. मला तिथे रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याला जाऊन ढोरांच्या डॉक्टरांना गाठलं. सगळं ऐकून ते खुर्चीत सरळ बसले. "काळपुळी. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. खोदलंत की वर येतील. खोदणाऱ्यांना धोका, चरणाऱ्या गुरांना धोका, आणि तिथल्या पाण्याचा तर विचारही करू नका. त्या जागेपासून जितकं लांब आणि जितकं उंच जाता येईल तितकं जा."

विहीर म्हटली की लोक विचारतात, पाणी कुठे लागेल. ते अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे ती कशाकशापासून लांब हवी. संडास, उकिरडा, मसणवट आणि असली जागा. शिवाय उतार पाहावा लागतो, कारण जमिनीखालचं पाणीही साधारण उताराने सरकतं. मी लेव्हलचं यंत्र लावून पट्टी पुन्हा मोजली. सुरक्षित अंतर फक्त वरच्या टोकाला, टेकाडापाशी मिळत होतं. तिथे हातभर मातीखाली काळा दगड. सुरुंग लावावे लागणार, खर्च वाढणार, आणि पाणी लागलं तरी बेताचंच.

नवं एस्टिमेट घेऊन डेप्युटी साहेबांकडे गेलो. जागा बदलण्याचं कारण म्हणून मी लिहिलं होतं, 'स्थानिक अडचण.'

"ही अडचण म्हणजे काय?"

मी तोंडी सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एस्टिमेट पुन्हा चाळलं. मग म्हणाले, "वाढीव खर्च मी मंजूर करून आणतो. पण साइट प्लॅनवर हे लिहावं लागेल."

"साहेब, लिहिलं की ते नाव पुन्हा वस्तीला चिकटेल. लोकांनी मोठ्या कष्टाने पुसलंय."

"उद्या तुझी बदली होईल, मी रिटायर होईन. प्लॅनवर जागा मोकळी दिसली की कुणीतरी तिथे शाळा बांधायला घेईल. तेव्हा कोण सांगणार?"

त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी वस्तीत परत गेलो. विहाराच्या अंगणात सगळे जमले. लिहू नका, असं बहुतेकांचं मत. नामदेव म्हणाला, "आमी सांगू ना जी पोरायले. कागद कायले पाहिजे?"

"तू सांगतलं का आजवर?" पुंजाबाईने विचारलं. मग ती माझ्याकडे वळली.

"लिवा, बाबू. तिथी काय पुरलं हे लिवा. कोनं पुरलं हे लिवू नका."

मी तसंच लिहिलं. सखल भागाभोवती लाल रेघ ओढली आणि आत अक्षरं काढली: 'रोगाने मेलेली जनावरे पुरलेली जागा. खोदू नये.' ढोरफोडी हा शब्द घातला नाही, वस्तीचा उल्लेख केला नाही. डेप्युटी साहेबांनी वाचून सही केली. त्या सखल भागाला काटेरी कुंपण घातलं.

सुरुंगांच्या धुरळ्यात वस्तीने जवळजवळ वर्षभर दगड फोडला. बायांनी घमेली उचलली. एकाही घराने दांडी मारली नाही. पाणी आलं ते बेताचंच. उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक घागरीच काढाव्या लागत. पण ते पाणी त्यांना कुणाकडे मागावं लागत नव्हतं.

माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी ग्रामपंचायतीला गोडाऊनसाठी जागा हवी होती. नवा ओव्हरसियर तरुण होता. त्याने जुना प्लॅन पाहिला, लाल रेघ पाहिली आणि वस्तीत चौकशीला गेला. पुंजाबाई तोवर गेली होती. नामदेवने त्याला कुंपणाच्या कडेकडेने चालवत सगळी हद्द दाखवली. सोबत सरपंच होते, वस्तीतली मुलं होती. सगळ्यांसमोर, कुणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "हे गावची ढोरफोडी. माहा बाप हेच काम करता करता मेला." त्या ओव्हरसियरनेच मला हे पुढे यवतमाळला भेटल्यावर सांगितलं. गोडाऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला झालं.

त्यानंतर मी पुष्कळ जागा पाहिल्या. यंत्राची पेटी उघडण्याआधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारतो, इथे काय पुरलंय? बहुतेक ठिकाणी लोक हसतात. जिथे कुणीच हसत नाही, तिथे मी पेटी उघडत नाही.