धारवाल्या मामांचे हात

मला लिहिता येतं असं नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेबाहेरचं लिहायची सवय नाही. मामांना माझ्याहून जास्त ओळखणाऱ्या कुणी हे लिहायला हवं होतं. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मामांकडे बघताना आधी हात दिसायचे. सगळ्या गल्लीचेच ते मामा; शिवाजी पेठेत आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी म्हशी घेऊन यायचे आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचे. मूठ आवळली की मनगटापासून कोपरापर्यंत शिरा टरारून उठायच्या. लहानपणी आम्ही एखादी बोटानं दाबायचो. ती सपाट व्हायची, बोट उचललं की पुन्हा भरून यायची. मामा म्हणायचे, "दाब की. दूध हाय त्यात."

लोक तो हात दाखवून आपल्या पोरांना दूध प्यायला लावत. मामांनाही ते आवडायचं. थंडीतसुद्धा त्यांच्या बाह्या वर सारलेल्या असायच्या.

गेल्या वर्षी शिरा वाढल्या. दंडावर, गळ्यापाशी, कानशिलावरही दिसू लागल्या. कट्ट्यावर सगळे म्हणाले, मामा साठीत पैलवानासारखे तयार व्हायला लागलेत. मी मात्र कॉलेजात नुकतंच शिकलो होतो. कुणाची कातडी मुळातच पातळ असते, कुणाच्या शिरा कष्टानं रुंदावतात, आणि कातडीखालची चरबी झडली तरी त्या अशाच वर येतात. मामांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता, आणि दोन धारांच्या मध्ये ते सारखे तांब्यानं पाणी पीत होते.

मी चाचरत म्हणालो, "मामा, ही ताकद नव्हं. तुम्ही वाळत चाललाय. एकदा रक्त तपासून घ्या."

ते म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत राहिले. "शिरा दिसत्यात म्हणून डॉक्टरकडं जाऊ व्हय? ह्या हाताकडं बघून गिऱ्हाईक येतंय रं."

पुढं शिकायला पुण्याला निघताना पाया पडलो, तेव्हा त्यांनी पाठीवर ठेवलेला हात फार हलका लागला. नंतर आई फोनवर सांगायची, येतात, पण बसून असतात, धार मुलगाच काढतो. हळूहळू मला विचारायचीच भीती वाटू लागली.

परवा आईनंच विषय काढला. एक दिवस कुणाला न सांगता, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मामा शाहूपुरीतल्या दवाखान्यात गेले होते. साखर निघाली. तेव्हापासून औषध चालू आहे. आता अंग भरलंय, धार पुन्हा स्वतः काढतात.

"खरं लई नाराज हायत," आई म्हणाली. "शिरा दिसंनात म्हणं पहिल्यासारख्या. बाह्या खाली सोडून बसत्यात. कुणी विचारलं की तुझं नाव सांगत्यात, त्या पोरानं घालवल्या म्हणून."