खराब्यातला ससा

माझ्या बापाची जमीन विकायला निघाली आहे, हे मला एका परक्या माणसाच्या मोबाइलवर कळलं. तेव्हा माझ्या हातात तिकिटाचं मशीन होतं आणि गाडी मोडनिंबच्या अलीकडं होती.

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. सोलापुरात राहते, पहाटे डबा भरते आणि दिवसभर लोकांना पुढं सरका म्हणते. त्या दिवशी टेंभुर्णीला चाललेले दोघं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. वरून, आकाशातून काढलेला व्हिडिओ होता. आधी डोंगर आला, मग खोरं, मग हिरव्यागार उताराखालचं तळं. मागून कुणीतरी बोलत होतं : "डोंगराच्या कुशीतली जागा. स्वतःचं तळं, मासेमारी, शिकार, खाली पिकती शेती. रँचसाठी एक नंबर!" रँच म्हणजे काय ते मला कळलं नाही. आमच्याकडं रांजण असतो. पण तळ्याकाठचा तिरका दगड मी ओळखला. त्या दगडावर बसून माझे वडील, आमचे आप्पा, विडी ओढायचे. बोलणाऱ्याचा आवाजही ओळखला. तो माझ्या चुलतभावाचा होता, थोरल्या चुलत्यांच्या मुलाचा. आम्ही त्याला दादा म्हणतो. हल्ली तो जमिनींची दलाली करतो.

"मॅडम, टेंभुर्णी दोन," मोबाइलवाला म्हणाला.

"हे विकायचं नाही," मी म्हणाले.

"काय?"

"काय नाही. सुट्टे द्या."

टेंभुर्णीपर्यंत माझे कान तापलेले होते. एका म्हाताऱ्याला उगीचच बोलले, बिचाऱ्याची पिशवी नुसती वाटेत होती.

आमचं गाव बार्शीच्या पुढं, बालाघाटाच्या उतरणीला. आप्पा आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी झाली तेव्हा मी चौथीत असेन. थोरल्यांनी रस्त्याकडचं काळं रान घेतलं. आप्पांच्या वाट्याला ओढ्याकाठचा लहानसा पिकता तुकडा आला आणि त्याच्या वरचा अख्खा डोंगरउतार. सातबाऱ्यावर त्या उताराला पोटखराबा म्हणतात. म्हणजे जमीन तुमच्याच नावावर, पण तिथं काही पिकत नाही असं सरकारनं ठरवून टाकलेलं. त्यावर सारा नाही आणि मानही नाही. चुलते पारावर बसून म्हणाले होते, "धाकट्याला पोट दिलं, खराबा बी दिला, आता काय ऱ्हायलं?" गाव पोट धरून हसलं. शाळेत मला पोरं खराब्याची म्हणायची. मी एकाच्या डोक्यात पाटी घातली होती, तिचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आप्पा हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी उतारावरचेच दगड वेचून ओढ्याला बांध घातला. त्यामागं पाणी साचलं, तेच हे 'स्वतःचं तळं'. त्यात मरळ आली, कुठून आली देव जाणे. उन्हाळ्यात तळं आटून एका डबक्याएवढं व्हायचं, तेव्हा त्यात हात घातला तरी मासा लागायचा. पण आप्पा त्या डबक्याला कुणाला हात लावू देत नसत. "बी हाय ते," म्हणायचे. उतारावर सीताफळं आणि बोरं आपली आपणच उगवली. गवत इतकं माजायचं की ससे, तितर, कोल्हे सगळे तिथं. खाली काळ्या रानात औषधं फवारली जायची, मग ते तरी कुठं जाणार.

एकदा चुलत्यांकडं पाहुणे आले, जीपमधून, बंदुका घेऊन. त्यांना ससे मारायचे होते. चुलत्यांनी त्यांना सरळ आमच्या उताराकडं आणलं. आप्पा बांधावर उभे होते, आणि मी त्यांच्या मागं, त्यांच्या धोतराचा सोगा धरून. चुलते म्हणाले, "बाजूला सर की जरा, पावणं हायती." आप्पा म्हणाले, "आण्णा, ह्यो खराबा तुमीच दिलासा न्हवं? मग खराब्यातला ससा बी खराबच असणार. असला माल तुमच्या पावण्यास्नी कसा देऊ?" पाहुण्यांतला एक जण फस्सकन हसला आणि जीप वळली. मला आयुष्यात जे थोडंफार भांडता येतं ते मी त्या बांधावर शिकले.

आप्पा गेले. जमीन माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर लागली. भाऊ तिथंच राहतो. तुकड्यात ज्वारी-हरभरा करतो, शेळ्या राखतो, सीताफळाच्या दिवसांत पाट्या भरून बार्शीला नेतो. उपाशी कुणी नाही. पण त्याला लाज वाटते, हे मला ठाऊक होतं. त्याच्या मुलासाठी स्थळं बघायला लागल्यापासून तर फारच. मुलीचा बाप येतो, उतार बघतो, चहा पितो आणि निघून जातो.

त्या संध्याकाळी मी भावाला फोन लावला आणि व्हिडिओचं विचारलं.

"व्हय आक्का," तो म्हणाला. "दादा म्हनला, नुसतं दाखवून तर बघू. येळवशीला पावणा येनार हाय पुन्याचा. तू बी ये."

"माझी सही लागते, ठाऊक आहे ना?"

"म्हनून तर ये म्हनतोय की."

दादाची हुशारी बघा. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप घालायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. मग शेंगा-भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख नसली तरी, भांडण असलं तरी. येळवशीला रानातून माणूस हाकलता येत नाही. दादानं नेमका तोच दिवस धरला होता. मी रजा टाकली आणि गेले.

पाहुणा वाईट नव्हता, हीच पंचाईत. पन्नाशीचा, टोपी घातलेला, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक लांबट पिशवी होती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"एअरगन, ताई. दादा म्हणाले इथं हंटिंग होतं."

"इथं ससा मारला तर फॉरेस्टवाले धरतात, साहेब. आणि त्यांच्या आधी मी धरते."

तो हसला आणि पिशवी गाडीत ठेवून आला. मग बूट काढून कोपीपाशी हात जोडले, मांडी घालून बसला आणि भावजयीनं वाढलेली भज्जी तीनदा मागून घेतली. भज्जी खाऊन माणसाचं मन मऊ होतं. त्याचंही झालं. समोर तळं होतं, वर उतार सोनेरी पडलेला, ज्वारी कणसात आलेली. तो एकदम मनापासून म्हणाला, "ताई, मी इथलं काही बिघडवणार नाही. चार कॉटेज, बस्स. आणि तुम्हाला कुठं जायची गरजच नाही. भाऊ मॅनेजर होतील. तुम्ही रिटायर झालात की आमच्या गेस्टना हीच भज्जी करून घाला. तुम्ही खुशाल इथंच राहा."

तो शिवी देता तर मला इतका राग आला नसता. आमच्याच रानात राहायची आम्हाला परवानगी मिळाली होती, आणि तीही आमचीच भज्जी खाऊन.

"साहेब, पोटभर जेवा," मी म्हणाले. "आंबील घ्या अजून. येळवशीच्या पाहुण्याला आम्ही उठवत नाही. पण जागा मिळणार नाही. माझी सही नाही."

दादानं हातातला उंडा ताटात ठेवला. "अगं बाय, काय कवटाळून बसलीस? खराबा हाय त्यो! दगडं! गिऱ्हाईक दारात आलंय तर नखरं करतीस?"

"तुझं तर काळं रान होतं, दादा," मी म्हणाले. "त्याचं काय झालं?"

त्याच्या काळ्या रानावर आता प्लॉट पडलेत, कोपऱ्यात ढाबा आहे. कोप घालायला त्याला वीतभर रान उरलेलं नाही. जमीन गेल्यापासून तो येळवस आमच्याच खराब्याच्या पायथ्याशी जेवतो. मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पुढं बोलले नाही, कारण ताटावर बसलेल्याला खाल्लेलं काढणं बरं नाही. पण त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले.

मग तो भावाकडं वळला. "तू सांग. गडी तू हायस. हिला काय, ही सोलापुरात बसून तिकिटं फाडनार. हितं दगडात राबायचं तुला. पोराचं लगीन तुला करायचंय. तू हो म्हन, हिला मी बघतो."

भाऊ भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवून तसाच धरून बसला. मला तेव्हा खरी भीती वाटली. सही मी रोखू शकत होते. पण भावाला मनातून हे रान नको झालं असेल, तर मी सोलापुरात बसून कुणासाठी राखणार होते? मी काही रोज त्या उतारावर चढणारी नाही. तो आहे. तो नाही म्हणाला तरच त्याला अर्थ होता, आणि तो नुसता भाकरीकडं बघत होता.

जेवणं झाली की आंबील शिंपायची असते. मडक्यात आंबील घेऊन, निंबाचा डहाळा बुडवून, रानाच्या कडेकडेनं शिंपत जायचं. शब्द गावागावात वेगळे आहेत. आमच्या खोऱ्यात पुढच्यानं 'ओलगे ओलगे' म्हणायचं आणि मागच्यानं 'चांगभलं'. ओलगे हा कानडी शब्द असावा, अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही. पण एकट्यानं हे होत नाही, उत्तर देणारा लागतो. आप्पा तुकडा संपला तरी थांबायचे नाहीत. बांध ओलांडून सगळा उतार शिंपून यायचे. लोक हसायचे, दगडाला जेवू घालतोय म्हणून. आप्पा म्हणायचे, "वरचीला बी भूक लागती की." ते गेल्यापासून भाऊ बांधापाशी थांबतो. वर चढत नाही.

मी मडकं उचललं.

"ए, बायानी शिंपायचं नसतं ते," दादा म्हणाला.

"मग तू चल," मी म्हणाले. तो काही उठला नाही.

ज्वारीच्या कडेनं मी एकटीच गेले, आणि बांध ओलांडून उतारावर चढले. गुडघे बोलायला लागले, गाडीच्या पायऱ्या चढून चढून त्यांचं आधीच वाटोळं झालं आहे. डहाळा बुडवला, शिंपलं आणि ओरडले, "ओलगे ओलगे!"

उत्तर आलं नाही. खाली दादा हसल्याचं ऐकू आलं.

आणखी वर गेले. सीताफळांपाशी पुन्हा ओरडले. काही नाही. मागं वळून बघायचं नसतं, म्हणून बघितलं नाही. डोळे भरून आले होते आणि त्याचाच जास्त राग येत होता. कुणी उत्तर दिलं नाही तर माझं मी देईन, पण वरपर्यंत जाईन, असं ठरवलं. तेवढ्यात पायापाशी गवत हललं आणि एक ससा उसळला. कान पाठीला लावून उतारावरून सरळ खाली, तळ्याच्या दिशेनं पळाला.

"ससा! अहो, ससा!" खालून पाहुणा ओरडला. लहान मुलासारखा हरखला होता बिचारा. "दादा, गाडीतनं ते आणा ना, लवकर!"

दादा चप्पल घालत उठला असणार, कारण पुढचं मी ऐकलं ते भावाचं. इतका वेळ गप्प बसलेला माझा भाऊ, आणि आवाज असा की डोंगरावर आपटून परत आला.

"दादा, गाडीला हात लावू नगंस. बस खाली. साहेब, तुमी बी बसा. खराब्यातला ससा हाय त्यो, खराबच असनार. आमी असला माल पावण्यास्नी देत न्हाय. न्हाय ससा, न्हाय जागा."

मी डहाळा मडक्यात बुडवला. निम्मी आंबील माझ्याच पातळावर सांडली. घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा ओरडले, "ओलगे ओलगे!"

"चांगभलं!"

आवाज भावाचाच होता, आणि तो बांधाच्या अलीकडून, माझ्या बाजूच्या उतारावरून आला होता.